जिवंत दात

बाबा,

तुम्हाला माती देऊन महिना झाला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहिते.

आई गेली त्या दिवशी रागाच्या भरात तुम्ही पवित्र आत्म्याला नको ते बोललात, आणि त्या पापाला बायबलात क्षमाच नाही असं धरून बसलात. वीस वर्षं चर्चमध्ये प्रभुभोजनाचं तबक आलं की भाकर न घेता पुढे सरकवायचात. घरी जेवताना हळूच विचारायचात, "माझं तारण होईल का गं?" मी वैतागायचे. "बाबा, मी दातांची डॉक्टर. पाळकांना विचारा."

आज एका आजोबांच्या दाताला थंडगार कापसाचा बोळा लावला. ते कळवळले. मी रोजच्यासारखं म्हटलं, "दुखलं ना? मग दात जिवंत आहे." आणि माझा हातच थांबला.

मेलेल्या दाताला काहीही लावा, माणूस स्वस्थ बसतो. तुम्ही तर वीस वर्षांत एक दिवस स्वस्थ बसला नाहीत. उत्तर माझ्या तोंडात होतं, बाबा, दिवसातून दहा वेळा. परक्यांना देत राहिले.

तेव्हापासून आत ठणकतंय. ठणकू दे.

तुमची,
दातवाली