घोंगडीतला आमरस

प्रिय सुप्रिया,

तुझ्या आप्पांनी जूनमध्ये आमरसाचा डबा माझ्या आइस्क्रीमच्या दुकानाच्या काउंटरवर आपटला, त्याच घडीला माझं सगळं बदललं. आदल्या दिवशी लाईट गेलेली, आइस्क्रीम कपातून प्यावं लागत होतं आणि नेमकी तेव्हाच मी तुला मागणी घातली. आप्पा म्हणाले, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस. हा रस तरी दिवाळीच्या पाडव्यापर्यंत राख. दगडासारखा गोठलेला आणून दाखव, मग पोरीचं बघू." तू त्यांच्या मागं उभी राहून हसत होतीस. त्या हसण्यावर मी अख्खा पावसाळा काढला.

माझा राग तुला ठाऊक आहे. पण फ्रीजरवर ओरडून तो गार राहत नाही. मग जत्रेतला कुल्फीवाला आठवला, तो बर्फात मीठ टाकतो. साध्या बर्फापेक्षा मिठाच्या पाण्याचा बर्फ जास्त गार. यमाजीनानांकडे मेंढरांसाठी आणलेलं जाडं मीठ होतं. चुलतेच ते, हात सढळ. लाईट गेली तरी डबा गार राहावा म्हणून त्याच्याभोवती ठेवायच्या पाण्याच्या बाटल्यांत त्यांनी ते मेंढरांपुढं टाकतात तसं ओंजळीनं भरलं. पाणी काही गोठेना. मी एक बाटली भिंतीवर फेकली. नाना म्हणाले, "मीठ लई झालं आसंल. आमटीत कमी करतो, तसं कर की." मग बाटलीला एकच मूठ घातली, वर थोडी जागा सोडली. सकाळी बाटल्या पांढऱ्याफेक, कडक.

परवा वादळात खांब पडला. लाईट गेली, मोबाईलचा टॉवरही गेला. वायरमनला गाठायला निघालोच होतो. पण माझ्यामागं कुणी झाकण उघडलं तर? म्हणून फ्रीजरवरच बसून राहिलो. माळशेजला निघालेले पावणे आइस्क्रीमचा कोन मागत होते. "हाय, पण मिळायचा न्हाई," म्हटल्यावर एक बाई चिडल्या, "मग दुकान कशाला उघडलंय?" नाना म्हणाले, "त्याच्या लग्नासाठी." सगळे हसले. मीसुद्धा.

आज पाडवा, लाईट अजून आलेली नाही. आत्ता झाकण उघडलं. बाटल्या अर्ध्याच वितळल्यात आणि आमरसात चमचा खुपसला तर चमचाच वाकला. डबा बाटल्यांसकट नानांच्या घोंगडीत गुंडाळलाय. फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर ते माझ्याआधी तुझ्या हातात देईल. मी मोटरसायकलवर मागून येतोय, जन्मात पहिल्यांदा हळू. आप्पांना काही बोलू नकोस, फक्त पुऱ्यांची कणीक मळायला घे. या शेवटच्या ओळी सीटवर कागद ठेवून लिहितोय. दुकानाचं दार लावलंय, निघालो.

तुझाच,
मच्छिंद्र