पान एकशे बारावरचं मीठ

नवीन पनवेल
१२ ऑक्टोबर २०२५

ती. हौसाआत्यास,
पूर्वीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते, तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू सगळ्यालाच हो म्हणतेस. म्हणून हे पत्र. पनवेलहून नेऱ्याला ते तीन दिवसांत पोचतं, हे मी तपासलं आहे.

द्रोणागिरीच्या गोदामातलं काम ठीक चाललं आहे. शीतगृहातले तापमापक बरोबर दाखवतात की नाही, ते मी बघते. मी जिथे उभी राहते तिथेच आजोबांचं मिठागर होतं, असं बाबा सगळ्यांना सांगतात. जुन्या नकाशावर ताडून पाहिलं तर चारशे मीटरचा फरक निघाला. बाबांना सांगितलेलं नाही.

आता कामाचं. आमच्या वाचनकट्ट्यावर येत्या २३ नोव्हेंबरला कृष्णकांत टेंबेकर येत आहेत. कट्टा चालवणाऱ्या रंजितानं त्यांना मेसेज केला आणि अकरा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. त्यांची मिठागरावरची नवी कादंबरी मी गणपतीत तुला दिली होती. तिच्या पान ११२ वर एक प्रथा आहे. हंगामातलं पहिलं मीठ ओढायच्या आधी घरातली मुलगी ओल्या मिठावर बोटानं आपलं नाव लिहिते आणि बाप तेवढा तुकडा सगळ्यात शेवटी ओढतो. रंजिताला हे मंचावर करायचं आहे: ओल्या मिठाच्या आठ पराती, आठ मुली. सुरुवातीला मिठागरवाल्यांच्या घरातल्या कोणी जाणत्या बाईनं ही प्रथा कशी होती ते सांगायचं. मी तुझं नाव सुचवलं. परवा फोनवर तू ज्याला हो म्हणालीस ते हेच.

पत्रिकेत नाव छापण्याआधी मी मिठागरवाल्यांच्या घरातल्या पाच जणांना विचारलं. चौघांनी असं काही ऐकलेलं नाही. पाचव्या कृष्णाबाई, वय चौऱ्याऐंशी. त्या म्हणाल्या की ही प्रथा होतीच, त्या स्वतः दरवर्षी नाव लिहायच्या. त्यांना लिहिता येत नाही, हा विषय मी त्यांच्यापुढे काढला नाही. चार विरुद्ध एक, आणि तो एकही कच्चा. तेव्हा अशी प्रथा होती का, हे मला तुझ्याकडून लेखी हवं आहे.

काकांना नमस्कार. आशीर्वाद न मागता मिळतात हे माहीत असूनही मागते.

तुझी
पूर्वी


नेरे
१९ ऑक्टोबर २०२५

चि. पूर्वीस,
हौसाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र काकांनी आधी उघडलं, वाचलं आणि मग मला दिलं. बायकोची पत्रं उघडू नयेत, हे चाळीस वर्षांत त्यांना शिकवता आलं नाही. मी वाचून पडवीत बसले ती बसलेच. त्यांनी विचारलं, कोण गेलं काय? मी म्हटलं, अजून नाय, पण आता मीच जाईन.

लेखी हवं म्हणतेस तर घे. अशी प्रथा नव्हती. ती मी रचली.

एक्क्याण्णव साली पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक कादंबरी मिळाली. वर कव्हर नाही, पहिली सोळा पानं गेलेली, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी ती चार वेळा वाचली. मग बाजाराला गेले की पिशवीत पुस्तक घेऊन जायचे आणि दिसेल त्या पुस्तकवाल्याला विचारायचे, हे कोणी लिहिलंय सांगा. ते माझ्याकडे बघायचे, पुस्तकाकडे नाही. शेवटी वाचनालयातल्या बाईंनी तिसऱ्याच ओळीला ओळखलं आणि टेंबेकर हे नाव सांगितलं. प्रकाशकाकडून पत्ता मिळवून मी पत्र टाकलं. तुमच्या गोष्टीची सुरुवात माझ्याकडून हरवली आहे, ती कळवाल का, एवढंच विचारायचं होतं. पण रिकाम्या हातानं मागायचं कसं? म्हणून आपल्या मिठागरावर अकरा पानं लिहिली. बांध, उधाणाची भरती, पायाच्या भेगांत मीठ गेल्यावर होणारी आग, सगळं खरं. खोटी होती ती एकच गोष्ट.

खरी गोष्ट अशी आहे. सातवीनंतर माझी शाळा बंद झाली, त्या वर्षी मी ओल्या मिठावर बोटानं नाव लिहिलं होतं. बाबा, म्हणजे तुझे आजोबा, लाकडी फावडं घेऊन आले आणि त्यावरून ओढत गेले. रागानं नाही. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना ते कोंबडीनं उकरल्यासारखं दिसलं असेल. पत्रात हे लिहायला बसले आणि हात पुढे सरकेना. मग व्हायला हवं होतं ते लिहिलं, आणि आमच्याकडे अशी रीतच आहे असं ठोकून दिलं.

उत्तर आलं नाही. हरवलेली सुरुवात मी मनानेच रचली आणि तिच्यावर भागवलं. यंदा पान ११२ वर आले, पुस्तक मिटलं आणि भात चढवला. तुझ्याशी खोटं बोलत नाही, मला फार आनंद झाला होता. आठ दिवस नुसती हसत होते. आता त्याच गोष्टीवर माहेरच्या माणसांसमोर उभं राहून, होय अशी रीत होती, असं सांगायचं? आणि ज्यांना मी फसवलं ते शेजारच्या खुर्चीत? चौतीस वर्षं त्यांची पुस्तकं वाचतेय मी. ते मला लबाड समजले, तर पुन्हा त्यांचं पुस्तक हातात कशी धरू? मी आजारी आहे असं सांग. काय वाटेल ते सांग, पण माझं नाव काढ.

जीव लावतेस तसाच लावत राहा. चिडलीस तरी पत्र टाक.

तुझी
हौसाआत्या


नवीन पनवेल
२७ ऑक्टोबर २०२५

ती. हौसाआत्यास,
सा. न. वि. वि.

तू आजारी आहेस असं मी सांगणार नाही. तू आजारी नाहीस. काल तू वालाचे दोन वाफे एकटीनं शिंपलेस, असं काका म्हणाले.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कोणाला दाखवलं नाही. मग पान ११२ ते ११४ पुन्हा वाचली. कादंबरी ३१८ पानांची आहे. तिच्यावरची तीन परीक्षणं माझ्याकडे आहेत. तिन्हींत एकेक उतारा दिला आहे आणि तिन्ही उतारे याच तीन पानांवरचे आहेत. टेंबेकरांना ही पानं तुझ्याकडून मिळाली. त्यांनी तुला विचारलं नाही आणि पुस्तकात तुझं नाव नाही. त्यांना पाठवायचं एक पत्र मी तयार केलं होतं. पाठवलेलं नाही.

कारण असं. तापमापक चुकीचं दाखवतोय हे सापडलं की मी नोंद करते. दुरुस्ती कधी आणि कशी करायची, हे ज्याचं यंत्र आहे त्यानं ठरवायचं असतं. हे यंत्र तुझं आहे. चौतीस वर्षांपूर्वी तू जे लिहिलंस त्याची लाज वाटावी, असं मला काही दिसत नाही. पण तेच पुन्हा माईकवर खरं म्हणून सांगितलंस, तर दिसेल.

यायचं नसेल तर येऊ नकोस. कारण मात्र खोटं द्यायचं नाही. पत्रिका ८ तारखेला छापायला जाईल. त्याआधी कळव.

हे पत्र कोरडं झालं आहे. माझा लोभ तसा नाही, एवढं गृहीत धर.

तुझी
पूर्वी


नेरे
३ नोव्हेंबर २०२५

चि. पूर्वीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा राग आला. दोन दिवस टिकला. काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, पोरगी बापावर नाय, थेट तुझ्यावर गेली. मग मी त्यांच्यावर रागावले.

टेंबेकरांना मी स्वतः लिहिलं. दीड पान झालं. पहिल्या ओळीत लिहिलं, मी खोटं सांगितलं होतं. दुसऱ्या ओळीत लिहिलं, तुम्ही विचारलं नव्हतं. पुढे जे घडलं ते सगळं लिहिलं आणि २३ तारखेला मी हेच सर्वांसमोर सांगणार आहे, तुम्हाला अडचण वाटत असेल तर आधी कळवा, असं लिहून सही केली. पोस्टात स्वतः चालत जाऊन टाकलं. काकांच्या हाती दिलं असतं तर वाटेतच वाचून झालं असतं.

पत्रिकेत माझं नाव राहू दे. तू त्या दिवशी तो राखाडी कुर्ता घालू नकोस. गोदामातून थेट आल्यासारखी दिसतेस.

जवळची आहेस, म्हणून टोचून बोलते. बोलू दे.

तुझी
हौसाआत्या


पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

श्रीमती हौसाबाई यांस,
कृष्णकांत टेंबेकर यांचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. जुनंही माझ्यापाशी आहे, अकराच्या अकरा पानं. त्या वेळी मला उत्तर द्यायला वेळ नव्हता, असं लिहिणं सोपं गेलं असतं. वेळ होता. पण त्या महिन्यात मी जे लिहीत होतो त्यापेक्षा तुमचं पत्र सरस होतं, आणि हे मान्य करून उत्तर लिहिण्याइतका मी मोठा नव्हतो. पुढे ते 'उरण – लोकजीवन' असं लिहिलेल्या फायलीत गेलं आणि लोकजीवन म्हणूनच मी ते वापरलं. लोकजीवन कोणाला विचारून घ्यावं लागत नाही, अशी माझी समजूत. एखादी वाचक स्वतः काही रचू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रचणारे काय ते आम्हीच!

तुम्ही मला फसवलं, असं लिहिता. मी तसं समजत नाही. २३ तारखेला तुम्ही आधी बोला, जे हवं ते बोला. मी नंतर बोलेन आणि त्याला दुजोरा देईन. पुढच्या आवृत्तीत ही प्रथा कोणी रचली ते तुमच्या नावानिशी छापलं जाईल, असं प्रकाशकांना कळवलं आहे. सोबत माझी ती जुनी कादंबरी पाठवत आहे. हिची सोळाही पानं जागेवर आहेत. चौतीस वर्षं उशीर झाला.

तुमच्या लोभावर अजून माझा हक्क नाही, तरी मागतो.

आपला
कृष्णकांत टेंबेकर


नवीन पनवेल
२६ नोव्हेंबर २०२५

ती. हौसाआत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी माईक शिट्टी मारायला लागला तेव्हा तू कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलंस. त्यामुळे तू बोलत असताना आणि नंतर सभागृहात काय झालं, ते तुला ऐकू आलेलं नाही. ते कळवते.

तू चार मिनिटं बोललीस. ही रीत नव्हती, ती मी रचली, माझं नाव माझ्या बापानं पुसलं आणि त्यात त्याचा दोष नव्हता, हे तू सांगितलंस. मग तिसऱ्या रांगेतून कृष्णाबाई उठल्या. तुला वाटलं त्या पाणी मागतायत. त्या पाणी मागत नव्हत्या. त्या म्हणत होत्या की हौसा खोटं बोलतेय, आमच्याकडं ही रीत हाय, तिच्या बापाला म्हाईत नसंल तर त्याला आमी काय करणार. त्यांच्या शेजारच्या दोघी त्यांच्या बाजूनं बोलायला लागल्या. एका गृहस्थांनी विचारलं की मग हे पुस्तक सगळंच बनावट समजायचं का. रंजिता माझ्याकडे बघत होती. मी काही केलं नाही. ते यंत्र तुझं होतं.

टेंबेकर उठले. ते म्हणाले की पुस्तकातलं बाकी सगळं मी चार-चार वेळा बदललं, या तीन पानांना मात्र हात लावायची हिंमत झाली नाही, कारण ती माझी नव्हती, हौसाबाईंची होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पुरे, आता बसा, म्हणून सगळे टाळ्या पिटतायत असं तुला वाटलं आणि तू बसलीस. तसं नव्हतं. टाळ्या तुझ्यासाठी होत्या.

परातींचं काय करायचं, ते रंजिताला सुचत नव्हतं. मुलींनी तोवर नावं लिहून टाकली होती, कोणी सांगितलं नव्हतं. आवरताना एका मुलीचे वडील मदतीला आले. त्यांनी सात पराती रिकाम्या केल्या आणि आपल्या मुलीच्या परातीपाशी थोडा वेळ थांबले. मी हे पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

जाताना टेंबेकरांनी मला विचारलं की हौसाबाईंनी आणखी काही लिहिलं आहे का. मला माहीत नाही, असं मी म्हणाले. आहे का?

लोभ पूर्वीपेक्षा थोडा वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझी
पूर्वी


नेरे
२ डिसेंबर २०२५

चि. पूर्वीस,
अ. उ. आ.

टाळ्यांचं कळवलंस ते बरं केलंस. मी घरी येऊन काकांना सांगत होते की लोकांनी मला खाली बसवलं. ते माझ्या मागे मान खाली घालून हसत होते आणि टाळ्या कशासाठी होत्या हे माहीत असूनही त्यांनी सांगितलं नाही. आता आठवडाभर त्यांना वालाचं बिरडं मिळणार नाही.

टेंबेकरांची सोळा पानं वाचली. चांगली आहेत. माझी सुरुवात बरी होती.

विचारलंस म्हणून सांगते. त्यांना लिहिलेली आणखी चार पत्रं आहेत. पहिल्याला उत्तर आलं नाही, म्हणून ती पोस्टात टाकली नाहीत. सगळी मिठागरावरची आहेत. त्यात खरं किती आणि रचलेलं किती, हे आता माझं मलाच वेगळं करता येत नाही. काका परवा पनवेलला येतील, त्यांच्याबरोबर पाठवते. पाकीट चिकटवलं आहे, फोडलेलं दिसलं तर कळव. टेंबेकरांनी वाचायच्या आधी तू वाच. टाकाऊ असतील तर तसं तोंडावर सांग. नाहीतरी सांगतेसच.

वाट बघते. उत्तर लवकर आलं तर तुझ्यावरचा जीव आहे तेवढाच राहील, उशीर झाला तर बघू.

तुझी
हौसाआत्या


नवीन पनवेल
९ डिसेंबर २०२५

ती. हौसाआत्यास,
सा. न. वि. वि.

पाकीट फोडलेलं नव्हतं. काका म्हणाले की त्यांनी ते उन्हाकडे धरून पाहिलं, पण काही दिसलं नाही.

चारही पत्रं वाचली. पहिली दोन गोदामात, जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी संपली तरी मी वाचत होते. असं माझ्याकडून याआधी झालेलं नाही. एक चूक सापडली आहे. तिसऱ्या पत्रात अमावास्येला उजाडताना पूर्ण भरती येते आणि बांध फुटतो. आपल्या खाडीत अमावास्येची भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. उजाडताना ओहोटी असते. भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत जोडलं आहे. तेवढं दुरुस्त कर.

त्यापलीकडे एकही ओळ बदलू नकोस. टेंबेकरांनी सांगितलं तरी.

तुझी
पूर्वी