पाठपुराव्याला यश

१४ जुलै, सकाळ
टीनाला बी.एड.ची सीट लागली. भंडाऱ्याचं अनुदानित कॉलेज, तिथे सरकारी शिष्यवृत्ती मिळते. घरात पेढे. मी एकच खाल्ला, कारण माझं व्हिजन मोठं आहे. नागपूर रोडच्या खासगी युनिव्हर्सिटीत लिफ्ट आहे, आपल्या पवनीपर्यंत त्यांची बस आहे. ‘पोरगी कॉलेजात’ आणि ‘पोरगी युनिव्हर्सिटीत’ यात फरक पडतो. अडचण एवढीच की खासगीला शिष्यवृत्ती लागू नाही. तिच्याशिवाय तिथली फी आपल्याला झेपणार नाही. पण ती लागू करणारा जीआर काढा म्हणून मी निवेदन दिलं आहे. आमदारसाहेबांचे पीए ‘बघतो’ म्हणाले. सार्वजनिक जीवनात इतकी वर्षं काढल्यावर ‘बघतो’चा अर्थ मला शिकवायची गरज नाही.

१५ जुलै
टीनाला समजावलं. भंडाऱ्याची सीट २१ तारखेपर्यंत कन्फर्म करायची असते. करू नकोस म्हटलं. ती म्हणाली, बाबा, अन् जीआर निघालाच नाही तं? निगेटिव्ह थिंकिंग. बायको, कुंता, म्हणाली, हातची सीट सोडाची कायले? तुमचा जीआर आमाले तं दिसून नाही राहिला. या घरात दूरदृष्टी एकट्यालाच आहे. संकल्प: जीआर निघेपर्यंत चहा बंद.

१६ जुलै
चहा घेतला. अर्धा कप धरत नाहीत.
भंडाऱ्याला शिष्यवृत्तीच्या ऑफिसात गेलो. बाबू म्हणाला, वरून अजून काही आलं नाही. म्हणजे वर काहीतरी आहे. समाधानाने परतलो.

१८ जुलै
फ्लेक्स टाकला! आपल्याकडे काम झाल्यावर फ्लेक्स लावणारा मागे राहतो, श्रेय दुसरी पार्टी नेते. आधीच अभिनंदन केलं की साहेबांनाही नाही म्हणता येत नाही. मजकूर: ‘खासगी विद्यापीठातही बी.एड. शिष्यवृत्ती! श्री. बाबूलालभाऊ यांच्या पाठपुराव्याला यश!’ माझा फोटो पुतण्याच्या लग्नातला, फेट्याचा; कोपऱ्यात साहेबांचा. छापणारा चंद्रकुमार विचारत होता, भाऊ, जीआर निघाला का? म्हटलं, तू टांगेपर्यंत निघतो. खालचा खिळा नीट मार म्हणून त्यालाच झापलं.

१९ जुलै
प्रचंड रिस्पॉन्स. चौकात लोक थांबून वाचतात. नत्थू घरी आला. त्याच्या बांधाला माझा बांध. त्याच्या रितालाही भंडाऱ्याचीच सीट लागली आहे. हात जोडून म्हणाला, भाऊ, तुमच्यामुळं आमची पोरगी युनिव्हर्सिटीत जाऊन राहिली. भंडाऱ्याची सीट सोडून दे, असं त्याला स्पष्ट सांगितलं. लगेच हो म्हणाला. गावात कोणीतरी ऐकतं माझं.

२१ जुलै, संध्याकाळ
सकाळी मायलेकी भंडाऱ्याला निघाल्या. निर्मलाबाईला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, भेटायला. शेतात भाताचा रोवणा सोडून आजच काय भेटायचं होतं कोण जाणे. मी सत्काराच्या भाषणात गुंतलो होतो, विचारलं नाही. पीएंना तीनदा फोन लावला. उचलत नाहीत. जीआरच्याच गडबडीत असणार.

२२ जुलै
पीएंनी फोन उचलला. म्हणाले, कोणतं निवेदन? सगळं परत सांगितलं. म्हणाले, असा विषयच सध्या नाही हो. मग म्हणाले, फ्लेक्सवर साहेबांचा फोटो लहान का?
डोकं फिरलं. ही सिस्टीम! सामान्य माणसाने करायचं तरी काय? तारीख कालच संपली. टीनाचं वर्ष माझ्या हाताने गेलं. जेवायला उठलो नाही. कुंताने ताट आणून ठेवलं आणि म्हणाली, जेवा मुकाट्यानं. काल टीनाची सीट पक्की करून आलो आमी.
मला न विचारता! कुटुंबप्रमुख म्हणून भयंकर संताप आला. संतापात दोनदा भात घेतला.

२३ जुलै
पहाटेच फ्लेक्स उतरवला. वारा फार होता.
नऊ वाजता नत्थू आला. सोबत रिता, नवीन बॅग घेऊन. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. सरकारची चूक, पीएची चूक, सगळं पाठ होतं. नत्थू भांडला नाही. म्हणाला, भाऊ, तुमी सांगतल्यापरमाणं भंडाऱ्याची सीट सोडली. आता ते युनिव्हर्सिटीची बस चौकातच थांबते का फाट्यावर जा लागन? रिताले समजलं पायजे, कोठं उभं राहाचं.
मी म्हणालो, चौकातच थांबते.
टीना दारात उभी होती. रिताचा हात धरून तिला आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. जे मी सांगायचं होतं, ते आत ती सांगत असणार. बाहेर नत्थू माझ्यासमोर बसून चहा पीत होता. चहा चांगला झाला म्हणाला. मला मान वर करता येईना.