घाटमाथ्यावरून सहज जाताना

शहाड,
२२ फेब्रुवारी १९९४

मेहुणे पोपटराव यांना,

दामाजीचा नमस्कार. कलावतीवहिनींनाही सांगावा, मुलांना आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल अशी आशा करतो. (तेल रात्री लावायचं, सकाळी नव्हे, असं मंजुळा सांगायची. तुम्ही सकाळीच लावत असणार.) माझी प्रकृती ठीक आहे. डावा खांदा सुजला आहे, तळहात सोलले आहेत आणि बसायला उशी लागते, पण ठीक आहे.

त्याचं कारण असं, की परवाच्या रविवारी मी तुमच्या गावावरून सहज जात होतो. (गावाच्या पुढे फक्त कडा आहे आणि कड्याच्या पुढे काहीच नाही, हे मला माहीत आहे. तरी पुढे वाचावं.) मंजुळा गणपतीनंतर गेली. तेराव्याला तुम्ही आलात, निघताना ‘येत जा’ म्हणायचं राहून गेलं. अशा वेळी सुचतही नाही. पण नंतर माझ्यापुढे प्रश्न पडला, की बायको नसताना सासुरवाडीला जायचं कसं? एस.टी.ने जावं तर ती तुमच्या दाराशीच थांबते. हातात पिशवी असते. म्हणजे जावई बोलावल्याशिवाय आला, हे गावभर झालं. सायकलवाल्याचं तसं नसतं. तो वाटेवरचा माणूस. कोणी पाहिलं तर ‘असाच चाललो होतो’ म्हणता येतं, आणि कोणी ‘या’ म्हणालं तर उतरता येतं.

म्हणून शेजारच्या काळुरामची गिअरची सायकल मागून घेतली. तिच्या टायरना ट्रॅक्टरसारखे दात आहेत. काळुरामने खटके समजावून दिले, चढाला कोणता आणि उताराला कोणता. मी मान हलवली. (मी कोणी समजावून सांगितलं की मान हलवतो. मंजुळेला हे ठाऊक होतं, ती पुन्हा विचारायची.) घाटाखालच्या टोकावड्यापर्यंत सायकल एस.टी.च्या टपावर टाकून गेलो. कंडक्टर म्हणाला, “काका, ही चालवायची का नुसती मिरवायची?” तोवर माझंही नक्की नव्हतं.

घाटाचा डांबरी रस्ता मी घेतला नाही. मंजुळा नेहमी म्हणायची की आमची खरी वाट डोंगरातून, गाडीरस्ता आळशांचा. ती वाट मी कधी पाहिली नव्हती, पण इतक्या वेळा ऐकली होती की पाठ होती. आधी कातळातलं पाण्याचं टाकं, मग वाकडा उंबर, मग गोदूबाईची म्हैस घसरली ती जागा, आणि पुढे वारा बदलला की माहेर आलं. टाकं मिळालं. उंबर बहुधा कोणी तोडला असावा, तरी मी प्रत्येक सरळ झाडाकडे संशयाने पाहत होतो. पायडल तर फिरता फिरेना. पुढे दगडांच्या पायऱ्या लागल्या, तिथून मी सायकलवर नव्हतो, सायकल माझ्यावर होती. एका वळणावर पाय घसरला आणि आम्ही दोघं करवंदीच्या जाळीत गेलो. गोदूबाईच्या म्हशीची जागा हीच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

त्यानंतर वारा बदलला. खालचा उष्ण वारा थांबून समोरून गार झुळूक आली, तिला शेणाने सारवल्याचा वास होता. मी सायकल खाली ठेवली. ती एवढंच सांगायची आणि मी वर्तमानपत्र वाचत ‘हं’ म्हणायचो. हे एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.

तिथे तुमच्या आवडाबाई शेळ्या राखत बसल्या होत्या.

“कुणाकडं चालला?”

“कुणाकडे नाही. असाच.”

“असाच? सायकल खांद्यावर घिऊन?” त्यांनी मला नीट पाहिलं. “मंजीचा मालक न्हवं का तू? मग चल की घराकडं.”

“बोलावणं नाही.”

“बोलावणं लग्नाला लागतं, मयताला लागत न्हाय. तू कशाला आलायस ते आधी ठरीव, म्हंजी मला बी कळंल.”

मी ठरवायला बसलो. त्या शेळ्या घेऊन निघून गेल्या तरी माझं ठरेना. तिथून तुमचं घर दिसतं. वहिनी अंगणात कुरडया घालत होत्या, तुम्ही बाजेवर पाय लांब करून होतात. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ओट्यावर जिथे ती वेणी घालत बसायची म्हणून सांगायची, तिथे कोंबडी बसली होती. मी बराच वेळ कोंबडीकडे पाहिलं आणि परत फिरलो.

उतरताना मात्र पायडल अगदी हलकं लागलं. चढाचा खटका तेव्हा सापडला.

आपला,
दामाजी

ता.क. आवडाबाईंनी सांगितलं असेलच. तरी मी कळवलं, असं समजावं.

ता.क. दुसरा. वर ‘सहज’ लिहिलं आहे ते खरं नाही. मी दिवाळीपासून उल्हास नदीच्या काठाने भाड्याच्या साध्या सायकलवर सराव करत होतो.

ता.क. तिसरा. चैत्रात तुमची जत्रा. दरवर्षी मंजुळेला माहेरी न्यायला तुम्ही मुऱ्हाळी धाडायचात, आणि मी दारातून ‘जपून न्या’ म्हणायचो. पुरुषमाणसाला मुऱ्हाळी धाडतात की नाही, मला ठाऊक नाही, वहिनींना विचारावं. रीतीत बसत असेल तर यंदा कोणालातरी धाडा. नुसतं पत्र नको. पत्र मी चार वेळा वाचीन, नीट घडी करून ठेवीन आणि येणार नाही. माणूस दारात उभा राहिला तर मला निघावंच लागेल.