तांदळातलं नाव

प्लेनो, टेक्सस

प्रिय मानसी,

घटस्फोटानंतर सासूचं पत्र बघून तुला राग येईल. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल मंडळाच्या सहलीत सॅन अँटोनिओजवळचं एक जुनं स्पॅनिश मिशन पाहिलं. गाइडबाई तिथल्याच मूळ रहिवाशांपैकी. बाप्तिस्म्याच्या वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही आमची पूर्वज. पाद्रींनी हिला मारिया केलं. आधीचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही."

त्या लोकांची तर जमीन, देव, भाषा, सगळंच गेलं. त्याच्याशी आपली बरोबरी नाही. तरी मला तुझ्या लग्नातलं ताट आठवलं. मिहीरने अंगठीने तांदळात तुझं नवं नाव लिहिलं, ते मी ठरवलेलं. "आई, माझंच राहू दे ना," तू हळूच म्हणालीस. मी हसून म्हटलं, "अगं, पद्धत असते आपल्यात."

चुकलं माझं. एवढंच सांगायचं होतं.

आत्ता चष्मा पुसून सगळं पुन्हा वाचलं, तर पहिल्याच ओळीत तुला मानसी म्हटलंय. हा कागद काही पाठवत नाही. दुसरा घेते, केतकी.

शोभना