वाघ बघायला चाललोय, बाकी काही नाही

३ डिसेंबर
ठरलं. चांदोलीला जायचं. सकाळी निघून संध्याकाळी परत. नॅशनल पार्क आपल्याच जिल्ह्यात आणि आपण अजून पाहिलेलं नाही, याची लाज वाटली. आमची लेक शिवांजली तिथंच फॉरेस्ट गार्ड आहे, हा निव्वळ योगायोग.
जूनमध्ये रुजू झाली, तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. बोलणारही नाही. कराडचा दिग्विजय सांगून आला होता. ऊस, बंगला, एकुलता एक. आणि ही म्हणते, आप्पा, मला जंगलात नोकरी करायचीय. मी म्हणालो, जा. तर गेली! मी रागानं म्हणालो होतो, एवढं कळू नये? इतका हट्टी स्वभाव आमच्याकडं कुणाचाच नाही. आईकडून आला असणार.
बायकोला सांगितलं, वाघ बघायला जाऊ. "व्हय का? बरं," म्हणाली आणि हसली. हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

५ डिसेंबर
दुर्बीण आली. गच्चीवरून टेस्ट केली. शेजारच्या दोरीवरचा कावळा चोचीसकट दिसला. शेजारच्या शालूबाईही दिसल्या. संध्याकाळी त्या घरी येऊन हिच्याशी हळू आवाजात बोलून गेल्या.
दुर्बीण आता कपाटात. किल्ली हिच्याकडं. हरकत नाही. वाघ काही लहान नसतो.

८ डिसेंबर, सकाळी
जंगलात मोठ्यानं बोलायचं नसतं. माझा आवाज बेदाण्याच्या सौद्यात तयार झालेला. तेव्हा आजपासून रोज सकाळी मौन.

८ डिसेंबर, थोड्या वेळानं
कोल्ड स्टोरेजमधल्या मालासाठी व्यापाऱ्याचा फोन. मौनात बेदाणा विकला जात नाही. उद्यापासून.

११ डिसेंबर
ही रोज संध्याकाळी लेकीशी स्पीकर लावून बोलते. मी ऐकत नाही. आज बाथरूममधला नळ मध्येच बंद केला, तो पाणी वाया जाऊ नये म्हणून. कानावर आलं ते असं : खोलीत गारठा लय आहे, एक रग पुरत नाही. मग? दिग्विजयच्या बंगल्यात एक रग पुरली असती.

१२ डिसेंबर
जतकडच्या मेंढपाळ सिद्धूकडून जाड घोंगडं मागवलं. उघड्या जीपमध्ये वारा लागतो. माझ्यासाठी.

१४ डिसेंबर
तानाजी गाडी घेऊन येणार. शाळेपासूनचा दोस्त, पण तोंडाला लगाम नाही. म्हणाला, "नानासो, वाघाचं काय सांगता येत न्हाई गड्या. गवा दिसंल, शेकरू दिसंल." मी म्हणालो, न दिसायला काय झालं? मग सहज विचारलं, गार्ड लोकांची ड्यूटी गेटवर असते का आत? तर म्हणाला, "पोरीलाच फोन करून इचार की!"
तानाजीला गाडीत पुढं बसू देणार नाही. (गाडी त्याची आहे आणि चालवणार तोच आहे. बघू.)

१७ डिसेंबर
हिनं डबा भरून शेंगदाण्याचे लाडू केले. एवढे कुणासाठी? "वाघासाठी," म्हणाली. मीही लांब मण्याचा हिरवा बेदाणा निवडून ठेवला. गाइडला द्यायला.
निश्चय : ती समोर आलीच तर मान फिरवायची. आरशासमोर करून बघितलं. उजवीकडं छान फिरते.

२० डिसेंबर, शनिवार, घरी आल्यावर
पोचलो. गेटवर तीच. खाकी कपडे. काळवंडलीय, वाळलीय. मान फिरली नाही. प्रवासानं आखडली असावी. तोंडातून निघून गेलं, "जेवलीस का?" सवयीनं. बरंच मोठ्यानं.
म्हणाली, "आप्पा, हळू बोला. ओळखपत्र दाखवा."
मी हसलो. ती हसली नाही. माझं कार्ड घरी. तासगावात मला कार्ड कोण मागतंय? म्हणालो, मी तुला जन्म दिलाय, आणि मलाच ओळख विचारतेस? ही मागून म्हणाली, "जन्म म्या दिलाय." रांगेतली माणसं हसली. शिवांजली म्हणाली, "आप्पा, तुमाला सोडलं तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं अडवू?"
बायको आणि तानाजी माझ्यासमोरून जीपमधनं आत गेले. तानाजीनं टाटा केला.
मला चौकीतल्या खुर्चीवर बसवलं. तिनं चहा आणला, शेजारी बसली. बेदाण्याची पिशवी पुढं केली, तर मूठभर घेऊन लहानपणीसारखी एकेक खात बसली. दिग्विजयचं लग्न झालं, हे तिनं न विचारताच मी सांगून टाकलं. "चांगलं झालं की," म्हणाली. मग मी विचारलं, जंगलात भीती वाटत नाही का? म्हणाली, "जून-जुलैत वाटायची. फोन करावा म्हणायची तुमाला." मी बेदाण्याची पिशवी परत तिच्यापुढं केली.
मग तिला गेटवरून हाक आली. उठताना सोनम म्हणून दुसरी गार्ड होती, तिला बजावून गेली, "आप्पांवर लक्ष ठेव. मागच्या अंगानं घुसतील." मी मागची बाजू नुसती बघून आलो होतो.
हे दोघं परत आले. गव्यांचा कळप दिसला, शेकरू दिसलं, ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला. फोटो दाखवत होते. मी बघितले नाहीत.
निघालो. गेटपाशी काच खाली करून हात बाहेर काढला. ती पलीकडच्या गाडीतल्या माणसाला ओळखपत्र मागत होती. तिनं बघितलं नाही. वळण आलं, गेट दिसेनासं झालं.
तानाजी म्हणाला, "नानासो, हात आत घे रं."
म्हणालो, वारा कुठला आहे ते बघतोय.