चौघांचा फोटो

२ एप्रिल २०२५, कोसमटोला

आली बाप्पा एकदाची! शामरावकाका स्वतः गाडीनं सोडायले आले. बाबा गेल्यापासून सहा वर्षं मले बापाच्या ठिकाणी तेच आहेत. ही अग्निशमन केंद्राची नोकरीही त्याईनंच लावून दिली. वाटेत रायपूरच्या गोल बाजारातून स्टीलचा डबा अन् दोन चादरी घेऊन दिल्या, नको नको म्हणत असताना. रायपूरपासून दीड तास, पण केंद्र कसं नवंकोरं आहे! सरकारनं खेड्यांसाठी दिलेल्या निधीतून काकाईनंच कंत्राट घेऊन बांधलं. लाल गाडी दारात उभी. आईले फोटो पाठवला तर ती रडलीच.

काम सोपं आहे म्हणे. रोज सकाळी दहाले गाडीसमोर चौघांचा फोटो काढायचा, लोकेशन चालू ठेवून, अन् काकाले पाठवायचा. त्याशिवाय सरकारकडून निधीचा पुढचा हप्ता सुटत नाही. बाकीचे तिघं उद्या येऊन राहिले.

५ एप्रिल

कोणी आलं नाही. मोबाइल विटेवर टेकवते अन् एकटीच उभी राहते, रुसलेल्या वरमायसारखी. गंमत म्हणजे हजेरीबुकात तिघांच्या सह्या रोज असतात: बिसाहू, खेलन, दुकालू. चावी तर माझ्याजवळ. कोणीतरी मस्करी करून राहिलं, सापडू दे एकदा.

समोरच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, माया दीदी जेवण आणून देते, पण उंबरठ्यावरूनच. आत ये म्हटलं की हव, म्हणजे हो, म्हणते अन् चालली जाते.

९ एप्रिल

आजच्या फोटोत माझ्यामागं तिघं उभे आहेत.

तीनदा पाहिला. लख्ख ऊन होतं, अंगणात चिटपाखरू नव्हतं. तोंडं काळी, कपडे अंगाले चिकटलेले. मी तो काकाले पाठवला, म्हटलं मले घेऊन जा इथून. त्यांचा फोन आला तो खुशीत. चला, गिनती पूरी झाली म्हणाले.

काका घाबरले नाहीत. कोण आहेत, हेही विचारलं नाही.

१२ एप्रिल

माया दीदीले फोटो दाखवला. तिनं एकेकावर बोट ठेवलं: बिसाहू, खेलन, दुकालू. मग सांगितलं. महुआची, म्हणजे मोहाची, फुलं वेचायच्या आधी हे लोक झाडाखालचा पाला जाळतात. मागच्या वर्षी ती आग पाऱ्यात घुसली अन् विझवायले गेलेले तिघं जळून मेले. त्याच आगीवरून केंद्र मंजूर झालं. केंद्रातली भरतीची यादी काढून पाहिली, नावं त्याच तिघांची.

गाडीवर चढून टाकीचं झाकण उघडलं. पंप नाही. टाकीले बूडही नाही.

यादीखाली सही शामरावकाकाची. फोटोत उभं राहायले एक जिवंत माणूस पाहिजे होतं, म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला? इतका राग मले आयुष्यात कोणाचा आला नाही. अन् रडूही त्याईच्याचसाठी येते.

१६ एप्रिल, सकाळी दहा

आज उभी राहिली नाही. मोबाइल हातात धरून नुसत्या गाडीचा फोटो काढला. शेवटचा. बाराच्या बसनं घरी.

फोटोत चौघं आहेत. चौथी — माझी पिवळी ओढणी. तोंड काळं.

काकाचा मेसेज: "बढिया. चार पूरे. आता तू नसली तरी चालते."

अकरा

पाला पेटला — वारा इकडंच — माया दीदीचं छप्पर गेलं. लोक दारात येऊन ओरडून राहिले, गाडी निकालो दीदी. काय सांगू त्याईले —

शहरातल्या कंट्रोल रूमले फोन केला. ते म्हणाले, गाडी पाठवता येत नाही, तुमच्या गावाले स्वतःची आहे. चार जण हजर आहेत, आजच फोटो आला —

काका उचलत नाहीत. सात वेळा —

समोरचं दार पेटलं. मागचं दार फक्त केंद्राच्या नकाशात, बांधलंच नाही —

तिघं आत आले. भिंतीले टेकून उभे. सरकून माझ्यासाठी जागा करून —

नाही. मी नाही. काका, सगळ्याईले सांगत होते ना, ही माझी पोट्टी आहे म्हणून, मग काहून मले —